दुरुस्तीचा रकाना

१

काट्याच्या खोलीत शिरायचं तर अंगावरचं लोखंड दाराबाहेर ठेवायचं, हा पहिला नियम. केसांतले आकडे, पिना, किल्ल्या, मनगटावरचं घड्याळ, सगळं बाहेरच्या लाकडी पेटीत. चपलांनाही खिळे असतात, म्हणून आत अनवाणी. चौदा वर्षं दिवसातून तीनदा हे सोपस्कार करून बाईंची बोटं इतकी सरावली होती, की कुणाकडे जेवायला गेल्या तरी उंबऱ्यावर थबकून त्या आकडे काढायला लागत. मग त्यांचे यजमान चारचौघांत हसत. "अहो, माझ्या बायकोला जरा आत घ्या, नाहीतर ती दारातच सगळी सुटी होईल."

खोली दगडी होती, खिळे तांब्याचे आणि बिजागऱ्या पितळेच्या. मधोमध दगडी खांबावर काचेची पेटी, आणि तिच्यात रेशमाच्या धाग्याला टांगलेला आडवा काटा, म्हणजे बोटाएवढं चुंबक. तो उत्तर दाखवायचा. शेजारच्या पेटीतला उभा काटा जमिनीकडे किती झुकतो ते दाखवायचा. पृथ्वीच्या पोटात खोल कुठेतरी लोखंडाचा वितळलेला रस फिरतो आणि हे दोन्ही काटे त्याचं ऐकतात, असं बाई भेटीला आलेल्या शाळेच्या पोरांना सांगत. सकाळी आठ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहाला शेजारच्या खाणीचा भोंगा वाजे. तो वाजला की दुर्बिणीला डोळा लावायचा आणि आकडे उतरवायचे, एवढीच नोकरी.

वहीतला शेवटचा रकाना दुरुस्तीचा. जवळून ट्रक गेला, कुणी पत्र्याची बादली नेली, तरी काटा भरकटतो. तेवढं वजा करून टाकायचं. शहरातले साहेब फोनवर नेहमी म्हणत, "बाई, पृथ्वीचं तेवढं ठेवा, बाकीचा केर काढा." आणि केर काढण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

यजमान खाणीत मुकादम होते. अगदी तळच्या थरावर त्यांचं काम. "तुझा काटा ज्याचं ऐकतो ना, त्याच्या शेजारी मी रोज डबा खातो," ते ऐटीत म्हणत.

"शेजारी? पृथ्वी संत्र्याएवढी धरली तर तुम्ही अजून सालसुद्धा खरवडली नाहीये."

"मग साल तरी सोलतोय ना?"

माणूस बोलघेवडा. लग्नासाठी ते बाईंच्या वडिलांकडे तीन खेपा घालून आले होते, आणि तिसऱ्या खेपेला धास्तीनं त्यांच्याच अंगणात ओकले होते. खाली खाणीत मात्र ते सगळ्यांना सांगत, की सासराच तीन वेळा माझ्या दारात आला. ही थाप असल्याचं घरी येऊन तेच कबूल करत. "खाली अंधार फार असतो गं, थोडं वाढवून सांगावं लागतं."

आणि घरी आले की दारावर ठोके. खाणीत माणसं वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्याला घंटेची खूण असते, तीन ठोके, जरा दम, मग एक. म्हणजे 'माणसं आहेत, वर घ्या.' वरच्या माणसाला ऐकू आलं, की तो तीच खूण उलट वाजवतो आणि पिंजरा ओढतो. बाई आतून ताटलीवर चमचा वाजवून उत्तर देत आणि मगच कडी काढत. बारा वर्षांत हा खेळ एकदाही चुकला नव्हता.

मग तळचा थर कोसळला. सात माणसं आत होती. तिसऱ्या दिवशी मुकादम एकटेच सापडले, जुन्या बोगद्याच्या तोंडाशी शांत बसलेले, अंगावर साधा ओरखडाही नाही. "खाली कुणी राहिलं नाही. मी पाहिलंय," ते म्हणाले.

त्यांना घरी आणलं तेव्हा त्यांनी दार वाजवलं नाही. दारात नुसते उभे राहिले, कुणी उघडेपर्यंत. बाईंना वाटलं, धक्का बसलाय, दुसरं काय. माणूस परत आला यातच त्यांच्या जिवात जीव आला होता.

२

थर कोसळल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी बाई चष्मा घरी विसरल्या. निवासाची खोली काट्याच्या खोलीपासून चाळीस पावलांवर. मुकादम तो घेऊन आले आणि दाराबाहेर उभे राहिले.

बाई दुर्बिणीला डोळा लावून होत्या. काट्यावरच्या आरशातून पट्टीवर पडणारा प्रकाशाचा ठिपका हलला आणि सरळ दाराच्या दिशेनं गेला.

"अहो, खिशात काय आहे?"

"काही नाही."

"किल्ल्या? पट्टा?"

त्यांनी दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. अंगात नाडीचा पायजमा आणि बंडी. चपलाही घरीच राहिलेल्या.

"खाणीत लोखंड खाल्लंत की काय?" बाई हसून म्हणाल्या. मुकादम हसले नाहीत. एरवी अशा बोलण्यावर त्यांनी तासभर पिच्छा पुरवला असता.

ते घरी परतले, तसा ठिपका त्यांच्यामागे सरकत गेला, आणि निवासाच्या खोलीकडे तोंड करून थांबला. मग भोंगा वाजला आणि ठिपका जागच्या जागी थरथरला. ही थरथर गेले चार दिवस, प्रत्येक वाचनाला येत होती. बाईंनी ठरवून टाकलं होतं की भोंग्यानं खोली हलत असणार. थरथरीची सरासरी काढायची म्हणून त्या कच्च्या वहीत प्रत्येक झटक्याला पेन्सिलीची एक रेघ मारत, आणि पक्क्या वहीत लिहीत, 'थरथर, भोंगा. वजा.'

त्या दिवशी दुरुस्तीच्या रकान्यात त्यांनी आणखी एक आकडा लिहिला, चाळीस. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'घरगुती' असं लिहिलं.

३

घरात सासूबाई खुशीत होत्या. "खातोय बघ कसा! आधी एक पोळी खायची तर शंभर नखरे. आणि झोप? दुपारी पडला की दगड!"

दगड हा शब्द बाईंना खटकला, कारण हात लावला की मुकादम तसेच लागत. गार नाही, गरमही नाही, सावलीतल्या फरशीसारखे. ते ज्या खुर्चीवरून उठत तिथे लगेच बसलं तरी ऊब लागत नसे. बाईंनी स्वतःला दटावलं. तीन दिवस मृत्यूच्या जबड्यात काढून आलेला माणूस, आणि तू त्याची खुर्ची चाचपत बसतेस?

पण काट्यावर चौदा वर्षं काढलेली बाई, ती गप्प कशी बसणार? दुपारी मुकादम खुर्चीत डुलक्या घेत होते, तेव्हा त्यांनी होकायंत्र आणलं. समोर धरलं, काट्याचं उत्तरेचं टोक मुकादमांकडे. पाठीमागे धरलं, तेच टोक. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा तेच.

पोरांना त्या चुंबकाची कांडी मोडून दाखवत. बघा, तुकड्यालासुद्धा दोन टोकं, एकटं टोक जगात कुठे मिळत नाही. आणि इथे त्यांच्या स्वयंपाकघरात एकटं टोक खुर्चीत बसून घोरत होतं. मग दुसरं कुठे होतं?

त्या लहान उभा काटा घेऊन आल्या आणि मुकादमांच्या पायांशी फरशीवर ठेवला. काटा एकदा गिरकी घेऊन सरळ खाली उभा राहिला, दोरीला टांगलेल्या वजनासारखा. दुसरं टोक नेमकं त्यांच्या पायांखाली होतं, जमिनीत खोल.

"काय करतेस?" मुकादमांचे डोळे उघडे होते. कधीपासून, कोण जाणे.

"काही नाही. तुम्हाला आठवतं, माझ्या बाबांच्या अंगणात काय केलं होतंत ते?" त्यांना नुसतं त्यांचं हसू ऐकायचं होतं.

मुकादमांनी जरा विचार केला. "तुझे वडील माझ्या दारात आले होते. तीन वेळा."

"हो का! मोठे आले!" बाई खो खो हसल्या. मुकादम त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, पाठ केलेलं उत्तर चुकलं की काय अशा नजरेनं. बाईंचं हसू आपोआप विरलं.

४

पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझा माणूस मला परत मिळालाय, त्याला खालून काहीतरी चिकटलंय, ते मी उतरवीन. त्यांनी मनाशी हे इतकं पक्कं केलं, की दुसरा विचार डोकं वर काढायला लागला की त्या भांडी घासायला बसत.

चुंबक उतरवायचे दोन उपाय. ठोकायचं किंवा तापवायचं. ठोकणं शक्य नव्हतं. मग त्यांनी मुकादमांना कढत पाण्यानं आंघोळी घालायला सुरुवात केली. दिवसभर शेगडीजवळ बसवलं. भर दुपारी गच्चीवर घोंगडीत गुंडाळून ठेवलं. सासूबाई कळवळल्या. "अगं, पोराला भाजतेस की काय?"

"त्यांच्या बऱ्यासाठीच चाललंय, आई."

"सोसवतंय ना हो?" बाई त्यांना विचारत.

"छान वाटतंय," मुकादम म्हणत. घामाचा थेंब नाही.

आणि गुण आला! चाळीसचे तीस झाले, तिसाचे अठरा. थरथरही कमी झाली. आधी एकेका वाचनाला दहा-बारा वेळा यायची, आता दोन-तीनदा. साहेब फोनवर खूश झाले. "झकास, बाई! केर निघाला!" फोन ठेवून बाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडल्या. सुटलो आपण, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी मुकादमांच्या अंगाला हात लावला तर खरंच किंचित ऊब लागली.

त्याच आठवड्यात खाणीनं ठरवलं, की तळच्या थराची विहीर, म्हणजे पिंजरा उतरायचा तो उभा बोगदा, शुक्रवारी काँक्रीट ओतून बंद करायची. खाली कुणी जिवंत नाही असं मुकादमांनी सहीनिशी लिहून दिलं होतं. बाईंनीच त्यांना पेन दिला होता.

५

शुक्रवारी सकाळी आठला पाच कमी असताना बाईंनी घड्याळ पेटीत ठेवलं आणि आत जाऊन भोंग्याची वाट बघत बसल्या.

थरथर आली. भोंगा वाजलाच नव्हता.

ठिपका अगदी क्षीण हलला. एक, दोन, तीन. थांबला. मग एक. बाईंच्या हातानं सवयीनं रेघा मारल्या. पुन्हा एकदा तसंच झालं, आणि मग काही नाही. भोंगा पुष्कळ उशिरानं वाजला. तो वाजवणारा माणूस आज विहिरीवर काँक्रीटच्या कामाला होता. भोंगा वाजला, खोली घुमली, आणि ठिपका केसभरही हलला नाही.

बाईंनी कच्ची वही मागे उलटली. प्रत्येक पानावर त्यांच्याच हातच्या रेघा. तीन, मोकळी जागा, एक. तीन, मोकळी जागा, एक. आठला, दोनला, सहाला. या वेळांना कोण काट्यापुढे बसलेलं असतं, हे जगात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. पहिल्या पानांवर रेघांची दाटी होती. शेगडी पेटवली त्या दिवसापासून रेघा विरळ होत गेल्या होत्या. एक टोक तापवलं की दुसरंही उतरतं.

बाराही दिवसांपुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, वजा. वजा. वजा.

सासरा तीन वेळा दारात आला, ही थाप कुठे मारली जायची? फक्त खाली, अंधारात. ज्यानं ती खरी मानली, त्यानं ती तिथेच ऐकली होती.

"अहो," बाई काट्याला म्हणाल्या, आणि वही उचलून दाराकडे वळल्या.

६

त्या अनवाणी धावल्या. विहिरीच्या तोंडावर मिक्सर घरघरत होता आणि पन्हळीतून करडा गोळा खाली घसरत होता.

"थांबवा! खाली माणूस आहे!"

इंजिनियर धावत आले. "कोण आहे, बाई? कुणी सांगितलं?"

"माझे हे आहेत. खूण करतायत बारा दिवस. खाली पाणी पाझरतं, तेच म्हणायचे, पाण्यावर माणूस पंधरा दिवस काढतो. हात जोडते, बंद करा ते यंत्र!"

इंजिनियरांचा चेहरा आधी ताणला आणि मग मऊ पडला. त्यांनी बाईंच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मुकादम तिथेच उभे होते, पन्हळीच्या दोराला हात लावून.

"बाई, तुमचे मालक हे काय इथे आहेत. मी कुणासाठी थांबवू?"

काय सांगणार? की हा नाही, दुसरा? आपलं बोलणं आपल्याच कानांना कसं लागतंय हे बाईंना कळत होतं, तरी त्या बोलत राहिल्या, काटा, टोकं, रेघा, अंगण. वही त्यांनी इंजिनियरांच्या हातात कोंबली. त्यांनी ती उघडली, रेघा पाहिल्या, आणि लहान मुलाची चित्रं परत करावीत तशी अलगद मिटून परत दिली.

गर्दीतून एक बाई पुढे आली. दिवेवाल्याची बायको, तिचा नवरा त्या सातांतला. "तुमचं माणूस घरी बसून जेवतंय," ती दात आवळून म्हणाली. "आमच्यातल्या एकीला तरी असं म्हणायचा हक्क आहे. तुम्हाला कुठला?"

"चल घरी," मुकादम म्हणाले. "खाली कुणी नाही. मी पाहिलंय ना."

त्यांनी बाईंचा हात धरला. हात चांगला गरम होता. बाईंनी हिसडा देऊन तो सोडवला आणि मागे न बघता पळत सुटल्या.

७

निदान उत्तर तरी द्यायचं. ऐकू आलं, एवढं तरी खाली त्यांना कळायला हवं.

दोनपर्यंत थांबून चालणार नव्हतं. दाराशी आल्या आणि त्यांची बोटं आपोआप केसांत आकडे शोधायला लागली. स्वतःच्याच बोटांची त्यांना इतकी चीड आली, की त्यांनी पेटी लाथेनं उडवली. मग खाली पडलेला किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा लोखंड घेऊन आत गेल्या. दार लोटून घेतलं.

खाणीच्या बाजूनं मिक्सरचा आवाज येत होता. मग तोही बंद पडला. काम संपलं असावं.

बाईंनी जुडगा काचेजवळ नेला. काटा वळला. मागे घेतला. असं तीनदा केलं, जरा दम घेतला, मग एकदा. ऐकू आलंय. वर घेतेय. हे खोटं होतं, वर घ्यायला आता काही उरलं नव्हतं, पण खाली अंधार फार असतो. किल्ल्या त्यांनी खोलीच्या पार टोकाला फेकल्या आणि दुर्बिणीला डोळा लावला. डोळ्यांतलं पाणी काचेवर सांडत होतं, ते त्या पुसत होत्या आणि पुन्हा बघत होत्या.

ठिपका बराच वेळ स्थिर राहिला. मग हलला. इतका थोडा, की चौदा वर्षं न बघितलेल्या डोळ्याला दिसलाही नसता.

एक.

दोन.

मग फार वेळानं, तीन.

"हं, अजून एक," बाई कुजबुजल्या. "अजून एकच. मारा ना हो. मी आहे इथे."

त्या वाट बघत राहिल्या. ठिपका हळूहळू सरकला, उत्तरेवर आला आणि थांबला. निवासाकडे झुकाव नाही, थरथर नाही, वजा करायला काही नाही. इतकं स्वच्छ वाचन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आणि त्यांच्या पाठीमागे, लाकडी दारावर, एक ठोका पडला.

हळूच, घरच्या माणसानं मारावा तसा. मग बाहेर कुणीतरी थांबून राहिलं, आतून उत्तर येईल म्हणून. उत्तर आलं नाही, तेव्हा दाराची पितळी कडी फिरायला लागली.